दुधनी स्टेशनावरचा प्रश्न

गतवर्षी श्रावणात दहावीच्या वर्गास आम्ही निबंधासाठी विषय दिला होता, 'मी कोण होणार?' विषय जुनाच. आमच्या शिक्षकांनी आम्हांसही तो दिला होता आणि आम्हीही 'डॉक्टर होऊन गोरगरिबांची सेवा करीन' असे लिहून दहापैकी सात गुण मिळविले होते. या खेपेसही वह्यांत डॉक्टर होते, जिल्हाधिकारी होते, सैन्यात जाणारे दोघे-तिघे होते. एका वहीत मात्र निराळे वाक्य निघाले. "मी दूरचित्रवाणीवरील मालिकेत काम करणार आहे," असे एका मुलीने लिहिले होते आणि ते कसे साधावयाचे याचा तिने पुढे दीड पान आपल्या परीने विचारही केला होता. निबंध चांगला उतरला होता, म्हणून आम्ही तो तिला वर्गात मोठ्याने वाचावयास सांगितला. पहिल्याच वाक्यास वर्ग हसला. मुले हसावयाचीच. परंतु खरे सांगावयाचे तर त्या हसण्यात आमचेही ओठ किंचित हलले, आणि ते त्या मुलीने पाहिले.

दुसऱ्या दिवशी तिचे आईवडील शाळेत आले. वडिलांची तुरीची आडत आहे. माणूस सरळ आणि मुलांच्या शिक्षणावर खर्च करणारा. ते म्हणाले, "बाई, ह्या पोरीच्या डोक्यातलं खूळ तुम्हीच काढा. आमचं ऐकत नाही. चांगल्या घरची मुलगी ही. तिथं जाऊन काय नाचणार?" वय लहान आहे, परीक्षा जवळ आली की विसरेल, असे काहीतरी गुळमुळीत उत्तर आम्ही दिले. त्यांचे समाधान झालेले दिसले. ते उठले. इतका वेळ दाराशी पदर सावरून उभी असलेली मुलीची आई तेव्हा हळूच म्हणाली, "पण बाई, तिथं पगार किती देतात हो? अन् वेळेवर देतात का?"

पतीने तिच्याकडे डोळे वटारून पाहिले. आम्ही निरुत्तर झालो. शिक्षिकेस, परिचारिकेस, तलाठ्यास पगार किती हे आम्हांस ठाऊक होते. ज्या व्यवसायातील स्त्रिया रोज सायंकाळी आमच्या घरात येऊन बोलतात, हसतात, रडतात, त्यांच्या मेहनतान्याविषयी आम्हांस अवाक्षरही सांगता येईना. त्या माउलीस उत्तर द्यावयास आम्हांस इतके महिने लागले, याबद्दल तिची क्षमा मागून हा लेख लिहीत आहोत.

त्या दिवशी शाळेच्या व्हरांड्यात दोन प्रश्न विचारले गेले. बापाचा प्रश्न अब्रूचा होता, आईचा मजुरीचा. आमचे मत असे झाले आहे की, गेली शंभर वर्षे आपल्या समाजाने पहिल्याच प्रश्नाचा काथ्याकूट केला आणि दुसरा कधी मनावर घेतला नाही. मुलींचे जे नुकसान झाले ते बव्हंशी या दुर्लक्षापायीच झाले.

अब्रूच्या प्रश्नाचा इतिहास थोडक्यात सांगतो. दादासाहेब फाळक्यांच्या १९१३ सालच्या 'राजा हरिश्चंद्र' या चित्रपटात तारामतीचे काम अण्णा साळुंके नावाच्या पुरुषाने केले. त्याच वर्षी 'मोहिनी भस्मासुर' मध्ये दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या आणि त्यांची कन्या कमला मोहिनी झाली. हिंदी चित्रसृष्टीतील पहिल्या स्त्रिया त्या ह्या मायलेकी. ती कमला पुढे कमलाबाई गोखले म्हणून प्रसिद्धीस आली. मालिकांतून आपण ज्यांना वर्षानुवर्षे पाहिले ते विक्रम गोखले त्यांचे नातू. १९३२ साली 'अयोध्येचा राजा' मध्ये दुर्गा खोटे तारामती झाल्या तेव्हा घरंदाज, इंग्रजी शिकलेली स्त्री पडद्यावर आली म्हणून केवढा गहजब झाला. त्याच दुर्गाबाईंच्या निर्मितिसंस्थेने पुढे १९८८ साली दूरदर्शनसाठी 'वागले की दुनिया' ही मालिका काढली आणि ती तमाम घरंदाज कुटुंबांनी एकत्र बसून पाहिली. गहजब करणाऱ्यांची नातवंडेही त्यांत असतीलच.

आमच्या स्वतःच्या घरचीही गोष्ट सांगितली पाहिजे. आमची मायबोली कोकणी, मूळ गोमंतकातले. आजीस गाण्याचा अतोनात नाद. केरीच्या केसरबाई, कुर्डीच्या मोगूबाई या तिला आपल्या गावच्याच वाटत. रेडिओवर केसरबाई लागल्या की चुलीवरची आमटी उतू गेली तरी ती उठत नसे. परंतु आमच्या आत्याने गाणे शिकण्याचा हट्ट धरला, तेव्हा त्याच आजीने तिला तीन दिवस घराबाहेर पडू दिले नाही. गाणे ऐकावे, घरात आणू नये, असा तिचा न्याय होता. १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर पृथ्वीवरील निवडक संगीताची जी सुवर्णतबकडी आकाशात गेली, तीत केसरबाईंची भैरवी आहे. ती आज सूर्यमालेच्या वेशीबाहेर गेली, पण आमच्या आत्यास घरचा उंबरठा ओलांडता आला नाही. आत्या आता सत्तरीला आली. अजून भांडी घासताना गुणगुणते आणि कुणी आले की थांबते.

तेव्हा बापाच्या प्रश्नाला आमचे उत्तर इतकेच की, अब्रू कामाच्या जातीवर नसते. आमच्या या भागात तर हे सांगण्याची गरज पडू नये. दूरचित्रवाणी कलबुर्गीकडे प्रथम आली ती करमणूक म्हणून आलीच नव्हती. १ ऑगस्ट १९७५ पासून ३१ जुलै १९७६ पर्यंत एका अमेरिकन उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत शिक्षणाचे कार्यक्रम दाखविण्याचा प्रयोग भारत सरकारने केला. कर्नाटकातून त्यासाठी तीनच जिल्हे निवडले गेले, गुलबर्गा, विजापूर आणि रायचूर. सकाळी शाळकरी मुलांसाठी, सायंकाळी शेती, आरोग्य, कुटुंबनियोजन अशा विषयांवर मोठ्यांसाठी कार्यक्रम असत. प्रयोग संपल्यावर १९७७ साली गुलबर्ग्यास दूरदर्शनचे केंद्र आले. राजधानी बंगळूरला ते यावयास १९८१ साल उजाडले. एरव्ही सर्व गोष्टी आमच्याकडे उशिराच येतात, ही एक आधी आली, म्हणून अभिमानाने नोंदवितो. पडद्यावर येऊन मुलांच्या आहाराविषयी बोलणाऱ्या बाईस गावाने बाईच म्हटले, नटी म्हटले नाही. मग बोलण्याचा विषय बदलला की बोलणारीची अब्रू कशी बदलते, हे आम्हांस कोणी समजावून द्यावे.

असो. आता आईच्या प्रश्नाकडे वळू.

या प्रश्नाचे उत्तर शोधत असता आम्हांस जी व्यक्ती भेटली ती मुंबईत किंवा पुण्यात भेटली नाही. ती आमच्याच रेल्वेमार्गावर भेटली. गेल्या माघात शाळेची सहल पंढरपुरास गेली होती. बीदरहून हुमनाबादमार्गे कलबुर्गीस जाणारा लोहमार्ग २०१७ साली सुरू झाल्यापासून ही वाट सोपी झाली आहे. कलबुर्गीस गाडी बदलली, गाणगापूर रोड मागे पडले, मुलांनी डबे उघडले आणि पॅसेंजर दुधनीस थांबली. दुधनी म्हणजे कर्नाटक सोडून महाराष्ट्रात शिरल्यावरचे, अक्कलकोट तालुक्यातले लहानसे स्टेशन. आडतबाजारामुळे आमच्याकडील व्यापाऱ्यांच्या परिचयाचे. उतरणारे चार, चढणारे सहा. आम्ही मुलांस विचारले, या गावी कोण जन्मास आले हे ठाऊक आहे काय? कोणासही ठाऊक नव्हते. खरे म्हणजे आम्हांसही ते महिन्यापूर्वीच समजले होते.

शांता आपटे यांचा जन्म १९१६ साली या दुधनीस झाला. वडील रेल्वेत स्टेशनमास्तर होते आणि त्यांना गाण्याची आवड होती. पंढरपूरच्या संगीत विद्यालयात मुलीचे शिक्षण झाले. म्हणजे आमची सहल नकळत त्याच वाटेने चालली होती. १९३२ साली 'श्यामसुंदर' या बोलपटात त्या प्रथम दिसल्या आणि मग पुण्याच्या प्रभात कंपनीत गेल्या. 'अमृतमंथन', 'अमरज्योति', 'गोपाळकृष्ण' ही नावे घरातील वडीलधाऱ्यांना विचारावी. १९३७ सालच्या 'कुंकू' ने त्यांची कीर्ती सर्व देशभर पसरविली. नारायण हरी आपट्यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरून व्ही. शांताराम यांनी तो काढला होता. फसवून एका वयस्क वकिलाच्या गळ्यात बांधलेली नीरा नावाची मुलगी ते लग्न मान्य करावयास नकार देते, एवढीच त्याची कथा. नकार देते म्हणजे पळून जात नाही, विहिरीत उडी घेत नाही. त्याच घरात राहून 'हे मला मान्य नाही' असे ती आपल्या वागण्याने रोज सांगते. अशी नायिका मराठी माणसाने त्यापूर्वी पडद्यावर क्वचितच पाहिली असेल.

येथवरची हकीगत कीर्तीची. आम्हांस सांगावयाची आहे ती पुढची. १९३९ साली करार आणि वेतन यांवरून शांताबाईंचा कंपनीच्या चालकांशी वाद झाला, आणि ही चोवीस वर्षेही पुरी न झालेली, देशभर नावाजलेली नटी कंपनीच्या फाटकाशी उपोषणास बसली. तो काळ उपोषणांचा होता, हे खरे. परंतु उपोषण देशासाठी करावे, पगारासाठी नव्हे, असे त्या वेळी पुष्कळांस वाटले असेल. आजही वाटते. कलावंताने पैशाचे नाव काढले की आपल्याकडे त्याची कला हलकी ठरते, आणि ती स्त्री असली तर तीच हलकी ठरते. दुसऱ्या वर्षी, १९४० साली, शांताबाईंनी एक पुस्तक प्रसिद्ध केले. त्याचे नाव 'जाऊ मी सिनेमांत?' त्या नावातले प्रश्नचिन्ह आम्हांस फार मोलाचे वाटते. त्यांनी 'या' असेही म्हटले नाही आणि 'येऊ नका' असेही म्हटले नाही. चित्रपटाचा धंदा भांडवलावर कसा चालतो, त्यात काम करणाऱ्यांचे शरीर कसे शिणते, मालक आणि नोकर यांचे संबंध काय असतात, हे त्या पुस्तकाचे विषय. ज्या मुलींना त्यांच्यासारखे व्हावेसे वाटत होते, त्यांच्यापुढे त्यांनी आपल्या व्यवसायाचा हिशोब मांडला. आडतदाराच्या पत्नीने आमच्या व्हरांड्यात जो प्रश्न विचारला, तो स्टेशनमास्तरच्या मुलीने ऐंशी वर्षांपूर्वीच ऐरणीवर घेतला होता. मधल्या काळात आपण काय करीत होतो? आपण अब्रूची चर्चा करीत होतो.

'कुंकू' त आणखी एक स्त्री आहे, तिच्याविषयी सांगितल्यावाचून आमचे म्हणणे पुरे होणार नाही. त्या वृद्ध वकिलाच्या विधवा मुलीचे काम शकुंतला परांजपे यांनी केले होते. त्या रँग्लर परांजप्यांच्या कन्या. केंब्रिजला गणित शिकून आलेल्या, जिनीव्हास आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेत नोकरी केलेल्या. पुढे कुटुंबनियोजनाच्या कार्यात त्यांनी आयुष्य वेचले आणि १९६४ ते १९७० या काळात त्या राज्यसभेच्या सभासद होत्या. त्यांची मुलगी सई परांजपे पुण्याच्या आकाशवाणीवर निवेदिका झाली, दिल्लीच्या नाट्यविद्यालयात शिकली, दूरदर्शनवर निर्मातीचे काम केले, आणि मग 'स्पर्श', 'कथा' यांसारखे चित्रपट दिग्दर्शित केले. एकाच चित्रात दोन स्त्रिया. एकीला अभिनयाचे दार बंद झाले तरी इतर चार दारे उघडी होती. दुसरीजवळ अलौकिक गळा होता, तेज होते, परंतु कंपनीचे फाटक हेच तिचे एक दार होते. म्हणून तिला त्यासमोर उपाशी बसावे लागले. आम्ही मुलींना 'आधी शिका, मग काय ते करा' असे सांगतो ते या अर्थाने. शिक्षणाने नटी सोज्वळ होते असा आमचा दावा नाही. शिकलेल्या मुलीला नको त्या कामास नाही म्हणता येते, आणि नाही म्हणून घरी परतल्यावर तिची उपासमार होत नाही, इतकाच तो लाभ आहे.

याच्या उलट 'अभ्यासात कच्ची ती नटी' हा जो समज आहे, तोही टाकून द्यावा. सुलभा देशपांडे मुंबईच्या छबिलदास शाळेत शिक्षिका होत्या. स्मिता पाटील प्रथम मुंबई दूरदर्शनवर मराठी बातम्या देत. त्या तिथे दिसल्या म्हणून श्याम बेनेगलांनी त्यांना चित्रपटात घेतले. भक्ती बर्वे यांनीही दूरदर्शनवर बातम्या वाचल्या, आणि 'ती फुलराणी' तील त्यांचे काम पाहिलेली माणसे अजून त्याविषयी बोलताना सावरून बसतात. या तिघींचे शब्दोच्चार ज्याने ऐकले त्यास पाठांतर म्हणजे काय आणि समजून बोलणे म्हणजे काय यातला भेद सांगावा लागत नाही. तोच भेद आम्ही वर्गात कविता शिकविताना सांगत असतो, कोणी ऐकत नाही.

आता मजुरीचा प्रश्न. दैनंदिन मालिकांतील व्यवहाराची आम्ही जी माहिती मिळविली ती अशी. तेथे महिन्याचा पगार बहुधा नसतो, कामाच्या दिवसावर मोबदला ठरतो. ज्या दिवशी आपले चित्रीकरण नाही त्या दिवशी कमाई नाही. एक पाळी बारा तासांची समजली जाते आणि ती लांबणे ही नवलाची गोष्ट नव्हे. केलेल्या कामाचे पैसे नव्वद दिवसांनी देण्याचा रिवाज या धंद्यात रूढ आहे. म्हणजे चैत्रात काम केले तर आषाढात पैसे. मुंबईत जागेचे भाडे मात्र दर महिन्याच्या प्रारंभी द्यावे लागते, हे पालकांनी ध्यानात घ्यावे. मालिका किती दिवस चालेल हे प्रेक्षकसंख्येवर ठरते; ती उतरली की महिन्याभरात गाशा गुंडाळला जातो. एका वाहिनीशी करार असता दुसरीकडे काम करण्यास बंदी असू शकते. यातले काहीही लज्जास्पद नाही. यातले सर्व आधी ठाऊक असावयास हवे. तुरीच्या पोत्यामागे अडत किती, हमाली किती, तोलाई किती हे ज्या घरात लहान मूलही सांगते, त्या घरातील मुलीने कराराचा कागद न वाचता सही करावी, हे आम्हांस समजत नाही.

मुलगी लहान असेल तर कायदा काय म्हणतो तेही सांगून ठेवतो, कारण बालकलाकार म्हणून लेकरांस घेऊन मुंबईस धावणारे पालक आमच्याही परिचयाचे आहेत. २०१७ च्या नियमांप्रमाणे बालकलाकारास दिवसाकाठी पाच तासांहून अधिक आणि विश्रांतीवाचून सलग तीन तासांहून अधिक काम देता येत नाही. जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी लागते, शाळा बुडू द्यावयाची नसते, आणि मुलाच्या कमाईपैकी निदान वीस टक्के रक्कम त्याच्या नावे बँकेत मुदतठेवीत ठेवावी लागते. ही शेवटची अट आम्हांस फार आवडली. पालकांस ती तितकी आवडत नसावी.

राहता राहिली भीतीची बाजू. ती आम्ही लपवीत नाही. केरळ सरकारने २०१७ साली न्यायमूर्ती हेमा यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीचा अहवाल ऑगस्ट २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. कामाच्या मोबदल्यात शरीराची मागणी, लेखी कराराचा अभाव, इतकेच काय चित्रीकरणस्थळी स्त्रियांसाठी शौचकूप आणि वेश बदलण्याची जागा नसणे, अशा गोष्टी त्यात नमूद आहेत. अहवाल मल्याळम चित्रसृष्टीचा असला तरी इतर ठिकाणी सर्व आलबेल आहे असे मानणे भाबडेपणाचे होईल. दहा किंवा अधिक माणसे जेथे काम करतात तेथे स्त्रियांच्या तक्रारींसाठी समिती असलीच पाहिजे, असा २०१३ चा कायदा आहे. 'तुमच्याकडे ती समिती आहे काय आणि तीवर कोण आहे?' हा प्रश्न पालकांनी निर्मात्यास विचारावा. प्रश्न विचारल्याने काम हातचे गेले, तर ते काम गेलेलेच बरे.

आणि ज्या गोष्टीची समिती नाही ती ही. दोन वर्षांपूर्वी शेजारच्या एका शहरात, एका लॉजच्या सभागृहात, मालिकेसाठी मुलींची निवड असल्याची जाहिरात झाली होती. नोंदणीस काही शे रुपये, छायाचित्रांचे काही हजार. आमची एक माजी विद्यार्थिनी आईची कर्णफुले गहाण ठेवून तेथे गेली. तिला पावती मिळाली, पुष्पगुच्छ मिळाला, 'कळवितो' असे आश्वासन मिळाले. अजून कळविलेले नाही. ती आमच्याकडे आधी आली असती तर, जो काम देतो तो पैसे देतो, घेत नाही, हे आम्ही तिला सांगितले असते. परंतु ती का यावी? आम्ही हसलो असतो, हे तिला ठाऊक होते.

या व्यवसायाची दारे पूर्वीपेक्षा पुष्कळ वाढली आहेत, हे मात्र आनंदाने लिहितो. मुंबईत दूरदर्शन केंद्र सुरू झाले २ ऑक्टोबर १९७२ रोजी. पहिली खासगी मराठी वाहिनी १९९९ मध्ये आली, त्यानंतर रांगच लागली. मालिकांचे चित्रीकरणही मुंबई सोडून कोल्हापूर, साताऱ्याकडील खेड्यांत जाऊ लागले. पडद्यावर दिसणाऱ्या एका चेहऱ्यामागे लेखन, संकलन, छायालेखन, ध्वनिमुद्रण, वेशभूषा अशा कितीतरी जागा असतात. 'एलिझाबेथ एकादशी' हा चित्रपट आपल्या मुलांनी पाहिला आहे. तो मधुगंधा कुलकर्णी यांनी लिहिला, हे मात्र कोणी लक्षात ठेवीत नाही. बातमीदारी आहे, निवेदन आहे, भाषांतर आहे. कलबुर्गीच्या विद्यापीठात वृत्तविद्या शिकविली जाते, पुण्यास चित्रपट आणि दूरचित्रवाणीची संस्था आहे.

आणि एक भांडवल तर आमच्या सीमाभागातील मुलींजवळ जन्मतःच असते. भालकी, औराद, बसवकल्याणची मुलगी घरात मराठी बोलते, बाजारात कन्नड, शेजारणीशी दखनी, आणि जहिराबादेकडची पाहुणी आली तर तेलुगूही निभावून नेते. आपण याला धेडगुजरी म्हणून नाके मुरडतो. १९३९ साली 'माणूस' मध्ये ज्यांनी मैनेचे काम केले त्या शांता हुबळीकर हुबळीकडच्या, मायबोली कन्नड. त्यांच्या मराठीवर महाराष्ट्राने जीव टाकला. आमच्या दुधनीच्या शांताबाईंनी १९४१ साली तमिळ 'सावित्री' साठी ती भाषा शिकून घेतली आणि त्या चित्रात एम. एस. सुब्बुलक्ष्मी नारद झाल्या होत्या. एकाच बोलपटाला चार भाषांत आवाज द्यावयाचा असतो अशा या दिवसांत चार भाषा येणारी मुलगी रिकामी बसू नये.

हे लिहिताना आमच्या मनात थोडी असूयाही आहे. पंचविशीत असताना आम्ही निवेदिकेच्या परीक्षेस बसलो होतो. आमच्या बोलण्यातला कोकणी हेल आणि नाकातले स्वर ऐकून परीक्षकांनी सौम्यपणे सांगितले की, आपण शिक्षिका उत्तम व्हाल. झालो. उत्तम की कसे ते विद्यार्थिनींनी ठरवावे. आमच्या 'च' ची नक्कल त्या मधल्या सुटीत करतात, हे आम्हांस ठाऊक आहे. त्या नकलेत जी सर्वांत तरबेज, तिचाच तो निबंध होता.

सहलीहून परतल्यावर आम्ही आडतदारांच्या घरी गेलो. वरील सर्व हकीगत सांगितली. वडिलांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, "नव्वद दिवसांची उधारी? इतकी तर आम्ही पण देत नाही." अब्रूचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. आईने चहा केला. मुलगी पदवीपर्यंत शिकेल, सुटीत सोलापूरच्या नाट्यशिबिरास जाईल, पुढचे पुढे पाहू, असे ठरले. ठरले म्हणजे आईने ठरविले आणि वडील गप्प राहिले. दहावीच्या परीक्षेत इतिहासास तिला कमी गुण पडतील अशी आम्हांस धास्ती आहे, कारण ती सनावळ्या पाठ करीत नाही.

जाता जाता वाचक कुटुंबांस एक विनंती. शांता आपटे यांचे 'जाऊ मी सिनेमांत?' हे पुस्तक आमच्या शाळेच्या ग्रंथालयात नाही. त्यातील मजकुराविषयी इतरांनी लिहिलेले वाचूनच आम्ही वरील परिच्छेद लिहिला आहे. आमच्या भागात सोलापूर-पुण्याशी सोयरीक असलेली जुनी घरे पुष्कळ आहेत, आणि त्यांच्या माळ्यावरील ट्रंकांत काय काय असते ते कोणी पाहिलेले नसते. कोणाकडे या पुस्तकाची प्रत निघाल्यास ती चार दिवसांसाठी शाळेत आणून द्यावी. दहावीच्या वर्गात तिचे वाचन करू आणि पुठ्ठा घालून जशीच्या तशी परत पोहोचवू.